डिस्क ड्राइव्ह असलेलाच घे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

बोनसमधून प्लेस्टेशन ५ हा सोनीचा गेम खेळायचा कन्सोल घ्यायचा म्हणतेस, आणि डिजिटल एडिशन, म्हणजे डिस्क न घेणारा, फक्त डाउनलोडवर चालणारा प्रकार, दहा हजारांनी स्वस्त पडते तर तीच घेऊ का, असं विचारलंस. माझं उत्तर एका ओळीत: डिस्क ड्राइव्ह असलेलाच घे. का, ते नीट लिहिते, कारण ही वस्तू घेण्याआधी विकणाऱ्याचा हिशोब कळायला हवा.

कन्सोलच्या धंद्यात पैसा यंत्रावर मिळवायचा नसतो. मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात सांगितलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. मग वसुली कुठून होते? स्टोअरमधून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेमवर साधारण ३० टक्के, दर महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, आणि कंट्रोलरसारख्या जोडवस्तू. यात चोरी काहीच नाही, धंदा आहे. पण यंत्र घरात आलं की गिऱ्हाईक बांधलं गेलं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पूर्वी कन्सोल जुना होईल तसा स्वस्त व्हायचा: प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००२ मध्ये १९९ वर उतरला. प्लेस्टेशन ५ उलट चढत गेला. आपल्याकडं फेब्रुवारी २०२१ मध्ये डिस्कवाला ४९,९९० रुपयांना आला, पुढच्या वर्षाअखेरीस तोच ५४,९९० झाला. डिजिटल ३९,९९० चा ४४,९९० झाला.

आता डिजिटल का नको ते सांगते. ऊस तोडीला आला की शेतकऱ्याला थांबता येत नाही. वजन कारखान्याच्या काट्यावर, सरकारी किमान दराच्या वर काय मिळेल ते कारखाना सांगेल तेवढंच. म्हणून तर दर हंगामात दरासाठी रस्त्यावर उतरावं लागतं. गुळाच्या सौद्यात निदान चार व्यापारी बोली लावतात. डिजिटल कन्सोल म्हणजे एकाच कारखान्याला बांधलेला ऊस. गेम घ्यायचा तर सोनीच्याच स्टोअरमधून, त्या दिवशी तिथं लिहिलेल्या किमतीला. पूर्वी दुकानांत पूर्ण गेमचे डाउनलोड कोड मिळायचे, थोडी घासाघीस तरी व्हायची. १ एप्रिल २०१९ पासून सोनीने तेही बंद केलं. डिस्क मात्र राजारामपुरीतल्या दुकानात मिळते, ऑनलाइन मिळते, वापरलेली मिळते, आणि खेळून झाली की विकता येते.

हिशोब मांड. सोनीचा नवा मोठा गेम साधारण पाच हजारांचा धर. खेळून तीन हजारांना विकलास असं धर. चार गेममध्ये बारा हजार परत आले, म्हणजे ड्राइव्हचे दहा हजार सुटून वर दोन उरले. डिजिटल प्रत ना विकता येते, ना भावंडांना देता येते. परत करायची म्हटलीस तर प्लेस्टेशन स्टोअरचा नियम असा की खरेदीपासून १४ दिवसांत, आणि तेही डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. म्हणजे खेळून न आवडलेला गेम परत नाहीच. एखादा गेम घेऊन ठेवायचा असेल तर 'ऑटो डाउनलोड' आधी बंद कर, नाहीतर तू बटण न दाबताही डाउनलोड सुरू होऊन हक्क जातो.

आणि दुकानच उठलं तर? निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलचं स्टोअर २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद केलं. एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. तुझ्या आवडीच्या फुटबॉलचंच बघ: २०२३ मध्ये ईए या गेम कंपनीचा फिफाशी करार संपल्यावर जुने फिफा गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले. ज्यांच्याकडं डिस्क होती त्यांची डिस्क आजही चालते, हातोहात विकलीही जाते.

डिस्क म्हणजे अमरपट्टा असं मात्र समजू नकोस. खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. 'डाउनलोड आवश्यक' असेल तर डिस्कवर गेम अर्धाच आहे. निन्टेन्डो स्विच २ च्या 'गेम-की कार्ड'मध्ये तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड विकता येतं, पण सर्व्हर बंद झाला की किल्लीला कुलूपच उरत नाही. प्लेस्टेशन ४ मध्ये आणखी एक खोट निघाली होती. आतल्या घड्याळासाठी सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी जोडणी नसली, की डिस्कवरचे गेमसुद्धा सुरू होईनात, कारण ट्रॉफीची, म्हणजे गेममध्ये मिळणाऱ्या बक्षिसाची, वेळ तपासायला घड्याळ लागायचं. बोंब झाल्यावर सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. बोंब झाली म्हणून झालं, हे लक्षात ठेव.

दहा हजार आज खरंच जड असतील तर एक मधला रस्ता आहे. स्लिम मॉडेलच्या डिजिटल एडिशनला ड्राइव्ह नंतर जोडता येतो. जुन्या जाड डिजिटल मॉडेलला येत नाही, म्हणून खोक्यावरचं मॉडेल बघून घे. ड्राइव्ह जोडल्यावर पहिल्यांदा इंटरनेटवरून त्याची त्या यंत्राशी नोंद करावी लागते. वापरलेला ड्राइव्ह स्वस्तात मिळतोय म्हणून घेशील, तर तुझ्या यंत्रावर नोंद होऊन डिस्क फिरताना बघ, मगच पैसे दे.

वर्गणीबद्दल थोडक्यात. प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं, ४ पासून त्यासाठी 'प्लस' ही सोनीची वर्गणी लागायला लागली. २०२३ मध्ये त्याचं सगळ्यात साधं वर्षाचं पॅकेज अमेरिकेत ६० डॉलरवरून ८० वर नेलं. फुकट मिळणाऱ्या गेमना, म्हणजे ईफुटबॉल किंवा रॉकेट लीगला, प्लस लागत नाही. आधी सहा महिने त्यावर काढ. प्लसचे 'महिन्याचे गेम' वर्गणी थांबली की बंद होतात, ते तुझे नसतात. आणि पेठेतली पोरं ईएच्या फुटबॉल गेममधल्या अल्टिमेट टीमच्या पॅकवर, म्हणजे खेळाडूंच्या बंद पाकिटांवर, पैसे घालतात तसं तू घालू नकोस, कळकळीने सांगते. आत कोण खेळाडू निघेल ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षीच्या गेममध्ये ती टीम येत नाही. बेल्जियमने असल्या पेट्यांना २०१८ मध्येच जुगार ठरवलं आणि तिथं पॅक घ्यायचे पॉइंट विकणं ईएला बंद करावं लागलं.

मला सगळ्यात जास्त राग आहे तो कंट्रोलरचा. अंगठ्याने फिरवायची काडी सोडलेली असताना खेळाडू आपोआप एका बाजूला चालायला लागतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. प्रत्येक काडीखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत फिरते. पट्टी झिजली की मधली जागा चुकते. दुरुस्ती शिकवणाऱ्या आयफिक्सिट या कंपनीने २०२१ मध्ये हे सुटे भाग तपासून, त्यांच्या ठरलेल्या २० लाख फेऱ्यांवरून हिशोब काढला: जोराच्या गेममध्ये ४१७ तास. रोज दोन तास धरले तर सात महिने. चुंबकावर चालणारी, न घासणारी काडी सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ सालीच होती. तंत्र नवं नाही. झिजणारा भाग स्वस्त पडतो आणि नवा कंट्रोलर विकला जातो.

ड्रिफ्ट आला तर आधी मागच्या बारीक भोकातलं रिसेट बटण पिनेने पाच सेकंद दाब आणि केबल लावून पुन्हा जोड. मग गेममधला डेडझोन, म्हणजे काडीची जी बारीक हालचाल गेम मोजत नाही ती, थोडा वाढव. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब काडीच्या बुडाशी सोडून ती गोल फिरवलीस तर कार्बनची धूळ सरकते आणि काही दिवस बरं वाटतं, पण झिजलेली पट्टी भरून येत नाही. वॉरंटी असेपर्यंत उघडू नकोस, बदलून माग. वॉरंटी संपल्यावर मात्र काड्या बदलता येतात. चांदीरंगी पट्टी आणि एल१, आर१ ची बटणं उचकली की खाली चार स्क्रू आहेत. मागचं कवच हळू काढ, जोराने ओढलंस तर रिबन केबल फाटते. बॅटरीची पिन सगळ्यात आधी सोडव. एका काडीला १४ पाय असतात. मूळ सोल्डर बिनशिशाचं, उशिरा वितळणारं. प्रत्येक पायावर आधी थोडं शिशाचं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) चढव, ३५० अंशांवर धर, मग वितळलेलं सोल्डर पंपाने ओढ. घाई करून काडी उपटलीस की बोर्डावरचा तांब्याचा पॅड निघून येतो आणि सगळं फुकट जातं. नवी काडी हॉल इफेक्टची, म्हणजे ती चुंबकावर चालणारी, बसव, आणि नंतर मध्य कॅलिब्रेट करायला विसरू नकोस.

साठवणीबाबत सोनीने बरं वागलंय, तेही सांगायला हवं. व्हिटा या त्यांच्या हातातल्या कन्सोलला त्यांचंच महागडं कार्ड लागायचं. प्लेस्टेशन ५ मध्ये बाजारातली कुठलीही एम.२ एनव्हीएमई, चौथ्या पिढीची, ५,५०० एमबी प्रति सेकंद वाचणारी एसएसडी चालते. हीटसिंकसकट (उष्णता काढून टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर झाकण बसत नाही.

खरेदी पक्क्या जीएसटी बिलावरच कर, आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घे. बाहेरून आणलेला माल दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळेल, पण त्याला इथली वॉरंटी मिळत नाही. सर्व्हिस सेंटरने टोलवाटोलवी केली तर तोंडी भांडू नकोस, ईमेलवर लिहून घे. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन. तिथंही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्याने तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

दसऱ्याला येशील तेव्हा तुझा तो डावीकडं पळणारा कंट्रोलर घेऊन ये. सोल्डर, फ्लक्स आणि काड्यांची एक जोडी मी आणून ठेवते.

तुझी,
आई