रिकाम्या चौकोनांबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सकाळपासून चौकोन मोजतेय, निम्म्यांत काहीच नाही. ते सोडून पुढे जाऊ का?" सोडू नकोस, बाळा. काँक्रीटच्या पॉलिश केलेल्या कापावर एकेक सेंटिमीटरचे चौकोन आखून सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकातले तडे मोजायचे आणि तड्याच्या प्रकारानुसार गुण द्यायचे, हे तुझं काम. या गुणांची बेरीज शेवटी 100 चौरस सेंटिमीटरच्या हिशेबात मांडायची असते. रिकामे चौकोन गाळलेस तर भागाकार चुकतो आणि धड काँक्रीटही आजारी ठरतं.

हे तडे ज्या रिअ‍ॅक्शनचे, तिच्यात सिमेंटमधला अल्कली (क्षार) खडीतल्या सिलिकाला खातो, त्याची जेल होते, ती पाणी पिऊन फुगते आणि दगड आतून उलतो. कॅलिफोर्नियात स्टँटन या इंजिनिअरनी 1940 साली हे दाखवून दिलं. तुझ्या कॅनडातलं मॅक्टाक्वॅक धरण बघ. 1968 पासून वीज देतंय, पण ग्रेवॅक (एक प्रकारचा वालुकाश्म) खडीनं काँक्रीट इतकं फुगलं की हिऱ्याच्या तारेनं त्यात फटी कापून जागा करून द्यावी लागली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातही पोकळ्यांत गारगोटी, म्हणजे सिलिकाच, भरलेली असते, म्हणून मी पुण्यात खडी कधी डोळे झाकून पास केली नाही.

खडीतल्या मिटलेल्या तड्याला 0.25 गुण आणि सिमेंटमधल्या तड्याला 3, एवढा फरक का, असं तू विचारलंस. मिटलेला तडा खडी फोडताना क्रशरमध्येही पडलेला असू शकतो. सिमेंटमधला तडा मात्र काँक्रीट ओतल्यानंतरचाच.

माझी एक चूक सांगतो, मनाला अजून लागून आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घाईत एक कोअर (काँक्रीटमधून ड्रिलनं काढलेला गोल नमुना) ओव्हनमध्ये वाळवला. सुकताना सिमेंटला बारीक तडे गेले आणि मी ते सगळे रिअ‍ॅक्शनचे म्हणून मोजले. रिपोर्ट गेल्यावर ते लक्षात आलं. स्वतः जाऊन तो मागे घेतला, नवा कोअर घेऊन पुन्हा मोजला. तेव्हापासून तड्यात जेल दिसते का, तडा दगडातून निघून सिमेंटमध्ये शिरलाय का, हे पाहिल्याशिवाय मी पेन उचललं नाही.

शंका आली तर पॉलिश केलेल्या भागावरून स्पिरिटचा बोळा फिरव. वरचं लगेच उडून जातं, तड्यातलं क्षणभर मागे राहतं आणि रेघ काळी उठून दिसते. सुकलेली जेल पांढरट दिसते, ओली असली तर काचेसारखी चमकते. तासाभरानं डोळे थकतात, तेव्हा थांब. थकलेला डोळा आधी बारीक तडेच सोडतो. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशीचे दहा चौकोन पुन्हा मोज. आकडे जुळले नाहीत तर मला कळव.

ज्या चौकोनावर अडलीस त्याचा फोटो पाठव. दिवा बाजूने तिरपा धरून काढ, म्हणजे मलाही नीट दिसेल.

तुझे,
बाबा