वायरमन काका, आईच्या झिणझिण्या शुगरच्या नव्हत्या

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये, आणि नौपाड्यात आमच्या गल्लीत वायरमन काका म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतंच. फोनवर थँक्यू म्हणायला गेले तर तुम्ही "बरं बरं, ठेवतो, शिडीवर आहे" म्हणून कट केलात. म्हणून लिहितेय.

खरं तर तुम्हाला बोलावलं होतं शॉवर बसवायला. मी सेलमध्ये तो मोठा 8 इंची रेन शॉवर घेऊन ठेवला होता, आणि त्याच दिवशी गिझर जरा बाजूला सरकवायचा होता म्हणजे डोक्यावर येणार नाही. तुम्ही आलात, बॉक्स बघितलात, वर बघितलंत आणि विचारलंत, टाकी किती वर आहे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे शेवटच्याच, टाकीचा तळ शॉवरपासून असेल 8 फूट. तुम्ही म्हणालात, "ताई, 10 मीटर उंचीला 1 बार प्रेशर मिळतं, तुमच्याकडे पाव बारपण नाही, हा शॉवर बरसणार नाही, गळणार." दुसरा कोणी असता तर बसवून पैसे घेऊन गेला असता आणि महिन्याने पंप पण विकला असता.

पण आभार त्याचे नाहीयेत. तुम्ही भिंतीवर खुणा करत होतात तेव्हा आई दारात उभी राहून बोलत होती (तिला कामाच्या माणसांशी गप्पा मारायच्याच असतात) आणि बोलता बोलता म्हणाली, हल्ली अंघोळीच्या वेळी हाताला मुंग्या येतात बाई. मी लगेच, अगं ते शुगरचं आहे, आणि बी12 कमी आहे तुझं, गोळ्या घेत नाहीस. वर्षभर हेच चाललं होतं आमच्या घरी. ती 74 वर्षांची, डायबेटिस आहे, त्यामुळे तिचं काहीही दुखलं की आमच्याकडे उत्तर तयार.

तुम्ही पेन्सिल कानावर ठेवलीत आणि तिलाच विचारलंत, "आजी, मुंग्या नुसत्या येतात की नळाला हात लावल्यावर?" आई म्हणाली, नळाला. "गिझर चालू असताना?" हो, तेव्हाच. "दोन्ही हातांना?" नाही रे, ज्या हाताने नळ धरते त्याच.

एवढंच. एक वर्ष आम्ही हे तीन प्रश्न विचारले नाहीत.

मग तुम्ही मीटर काढलात, एक टोक मिक्सरच्या नळाला, दुसरं ओल्या नहाणीच्या जाळीला, मला म्हणालात गिझर चालू करा. आकडा आला 14 व्होल्ट. बंद केला तर जवळजवळ शून्य. मला वाटलं 14 म्हणजे काहीच नाही, 230 तर घरात असतातच. तुम्ही काही न बोलता मेन बंद केलात आणि सॉकेट उघडलंत. आतलं अजून डोळ्यासमोर आहे. अर्थिंगच्या मोठ्या पिनेला हिरवी वायर नव्हतीच, न्यूट्रलच्या स्क्रूवरून वायरचा वीतभर काळा तुकडा त्या पिनेवर आणलेला, आणि न्यूट्रलचा स्क्रू सैल, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, जळक्या सुपारीसारखा वास.

तो लूप कोणी मारला ते मला माहितीये, पण त्या माणसाला काय दोष देऊ, 9 वर्षांपूर्वी गिझर बसवताना तो म्हणाला होता अर्थिंग नाहीये तुमच्याकडे, आणि आम्हीच म्हणालो होतो, बघा ना काहीतरी करून, उद्या पाहुणे येतायत.

तुम्ही बादली उलटी करून त्यावर बसून मला समजावलंत ते मी इथे लिहिते, कारण आमच्यासारखी जुनी घरं ठाण्यात भरपूर आहेत. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, तो सगळा करंट परत जातो न्यूट्रलने. न्यूट्रल सैल असली की तिच्यावर थोडे व्होल्ट चढतात, आणि लूप असल्यामुळे तेच गिझरच्या पत्र्यावर, तिथून पाइपने नळाला. ती आज सैल आहे म्हणून 14. उद्या पूर्ण सुटली की पत्र्यावर सरळ 230. आणि गंमत म्हणजे (तुम्ही गंमतच म्हणालात, मला घाम फुटला होता) तेव्हा गिझर तापणार नाही, लाल दिवा पण लागणार नाही, माणसाला वाटेल लाइट गेली, आणि तो ओल्या हाताने नळ चेक करायला जाईल.

मी विचारलं, मग आधीची इतकी वर्षं का नाही झालं? तुम्ही उलट विचारलंत, सोसायटीने पाण्याच्या लाइन कधी बदलल्या? 2 वर्षांपूर्वी. सडलेले लोखंडी जीआय पाइप काढून प्लास्टिकचे सीपीव्हीसी टाकले, आम्ही खूश होतो की आता पाणी पिवळं येत नाही. तो जुना पाइप गच्चीपासून जमिनीत जात होता, नकळत तोच आमचं अर्थिंग होता, आणि तो आम्ही भंगारात घालून वर पार्टी केली.

त्या दिवशी तुम्ही शॉवर बसवला नाहीत. लूप तोडलात, गिझरचा एमसीबी (बोर्डातला सेफ्टी स्विच) पाडून त्यावर चिकटपट्टी लावलीत आणि आईला सांगितलंत, आजी, मी सांगेपर्यंत नाही. 9 दिवस गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं. आई म्हणे, पेणला आमचा तांब्याचा बंब होता, त्याला कुठलं आलंय अर्थिंग.

पुढचं पटकन सांगते. मीटर रूममधली अर्थिंगची पट्टी गंजून मधेच संपलेली निघाली, सेक्रेटरींनी आधी "बघू जनरल बॉडीत" केलं, तुम्ही त्यांना त्यांच्याच घरातलं सॉकेट उघडून दाखवलंत, दुसऱ्या दिवशी मागे प्राजक्ताखाली अर्थिंगचा खड्डा सुरू. 12 पैकी 5 घरांत लूप सापडला. आमच्याकडे नवीन हिरवी वायर आली आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच) बसली, आणि ती उभीच राहीना, चढवली की टक्कन खाली. मी म्हटलं पीस खराब असेल, दुकानात बदलून आणू. तुम्ही म्हणालात, ती बरोबर आहे, घरच चुकीचं आहे, आणि तासभर एकेक बोर्ड उघडत बसलात. वॉशिंग मशीनच्या मागे दुसरा लूप! तो काढला आणि ती गुपचूप उभी राहिली.

अजून एक राहिलं. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला कोणीतरी बूच मारलेलं तुम्ही काढलंत. ते मीच सांगून मारून घेतलेलं, थेंब थेंब गळतं म्हणून. 25 लिटर पाणी तापलं की अर्ध्या लिटरच्या आसपास फुगतं, ते बाहेर यायलाच हवं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं (आणि मी पण विचारलं नव्हतं). आता तिथून बारीक नळी नहाणीत सोडलीये, गळू दे.

गिझर सरकवताना पण त्या 4 इंची भिंतीत नुसते फास्टनर मारायला तुम्ही नाहीच म्हणालात, पाण्यासकट 35 किलो आहे म्हणे, आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. आईच्या खोलीत कपाटामागे ती पट्टी दिसते, दिसू दे.

काका, तुम्ही बिल लावलंत ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या दिवसाचं त्यात काहीच नव्हतं. विचारलं तर म्हणालात, त्या दिवशी काम कुठे केलं, नुसता बसलो होतो. त्या नुसत्या बसण्याबद्दल हे पत्र आहे. आम्ही घरचे असून आईचं ऐकलं नाही, तुम्ही अर्ध्या तासापूर्वी भेटलेले आणि तुम्ही ऐकलंत. आईच्या मुंग्या गेल्या. शुगर आहे तशीच आहे, गोळ्या पण तशाच चुकवते, आणि आता मी काही बोलले की म्हणते, तुला काय कळतं, वायरमनला विचार.

आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दर 1 तारखेला दाबते, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. फ्रिज पण बंद होतो म्हणून आई ओरडते.

आणि तुमची निळ्या मुठीची पक्कड माळ्यावर राहिलीये, शॉवरच्या बॉक्सवर. दोनदा दुकानावर आणून दिली तर शटर बंद. संध्याकाळी 7 नंतर मी घरी असते, या.