क्लोरीनचा नमुना जागेवरच तपासा

मा. पर्यावरणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

समुद्राच्या पाण्यावर कंडेन्सर (टर्बाइनमधल्या वाफेचे पुन्हा पाणी करणारे नळ्यांचे यंत्र) थंड करणाऱ्या एका वीजकेंद्राच्या रसायन विभागात माझी नोकरी झाली. त्या पाण्यातले जीव यंत्रात वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरीन सोडतात. त्या अनुभवातून ही मागणी करतो आहे.

क्लोरीन बंद करा, असे मी म्हणत नाही. नळ्यांच्या आत जिवाणूंचा पातळसा बुळबुळीत थर बसला तरी कंडेन्सरमधला व्हॅक्यूम (निर्वातपणा) घसरतो आणि तेवढ्याच विजेसाठी जास्त इंधन जाळावे लागते. समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या इनटेकच्या भिंतींवर शिंपले वाढले की सुटलेली कवचे नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. डोस लागतोच, तो किती आणि केव्हा, हा प्रश्न आहे.

इथे शिंपल्याचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. क्लोरीन जाणवला की तो कवच मिटून घेतो आणि कित्येक दिवस तसाच तग धरतो. दिवसातून एकदोनदा भरपूर डोस दिला तर थर निघतो, शिंपला मात्र डोस थांबताच पुन्हा उघडतो. मग डोस आणखी वाढवला जातो. त्याऐवजी कमी मात्रा थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद केली, तर त्याला सतत उघडझाप करावी लागते, तो थकतो आणि एकूण क्लोरीनही कमी लागतो.

समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असते. क्लोरीनची त्याच्याशी लगेच क्रिया होते आणि पुढचे काम ब्रोमीनची संयुगे करतात. ब्रोमोफॉर्म हा घातक पदार्थही त्यातूनच होतो. म्हणून मर्यादा 'मुक्त क्लोरीन'वर न ठेवता एकूण उरलेल्या ऑक्सिडंटवर, म्हणजे क्लोरीन आणि ब्रोमीनची संयुगे मिळून उरलेल्या अंशावर, ठेवावी. हा अंश बाटलीतही झपाट्याने उतरतो, नमुना 15 मिनिटांच्या आत तपासावा लागतो. आमचा नमुना मात्र गाडीने दूरच्या प्रयोगशाळेत जायचा आणि अहवालात 'आढळला नाही' असे यायचे. त्या अहवालांवर मीही सह्या केल्या. ती खंत अजून जात नाही, कारण पाण्याबरोबर आत ओढली जाणारी माशांची अंडी आणि पिल्ले पूर्ण डोस झेलतात आणि बाहेर पडणारे पाणी किनाऱ्यालगतच मिसळते.

परवान्यांचे नूतनीकरण करताना विसर्गाच्या तोंडाशी सतत मोजणारे यंत्र बंधनकारक करावे. डोस चालू असतानाचे आकडे वेळेसह नोंदवले जावेत आणि ते मासेमारी करणाऱ्यांनाही पाहता यावेत, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त रसायनज्ञ