सागाखालच्या मातीला कुणी विचारलं का?

महोदय,

जुनी साग-रोपवनं काढून तिथे नवी लागवड केल्याने जमीनही सुधारेल, असं सांगणारी परवाची बातमी वाचून राहवलं नाही. लाकडाचा हिशेब मान्य. पण जमीन सुधारेल हे कुणी तपासलं? मी आयुष्यभर मृदाशास्त्र शिकवलं आहे, तरी असा निष्कर्ष मला कुठे भेटला नाही.

पाचोळा आपोआप कुजत नाही. बुरशी, जिवाणू आणि मुळं विकरं म्हणजे एन्झाइम सोडतात, तेव्हा तो कुजतो. सेल्युलोजची साखर होते ती बीटा-ग्लुकोसिडेजमुळे. सेंद्रिय पदार्थात अडकलेला स्फुरद फॉस्फेटेज मोकळा करतं. रोपवनाचं वय वाढतं, पाचोळा आणि सेंद्रिय कर्ब साठतो, तसा हा कारभार सहसा वाढत जातो. मधल्या वयात झाडांचे शेंडे एकमेकांना भिडून सावली दाटली आणि खालची झुडपं मेली की काही ठिकाणी तो घसरतोही, आणि विरळणीनंतर पुन्हा सावरतो. तोड केली की सगळं पहिल्यापासून.

आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा जुन्या सागाखालची आणि शेजारच्या नव्या लागवडीतली माती आणली. डिहायड्रोजनेज या विकराची चाचणी लावली. त्यात रंगहीन द्रावण घालून माती ३७ अंशांवर २४ तास ठेवतात. मातीतले जिवंत जीव त्याचा रंग लाल करतात. जुन्या मातीची नळी गडद लाल झाली, नवीची जेमतेम गुलाबी. मी त्या नळ्या घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. साहेबांनी हातातही घेतल्या नाहीत. कार्य आयोजनेत, म्हणजे वनाच्या कामाच्या आराखड्यात, याला रकाना नाही, एवढंच म्हणाले. त्याच हिवाळ्यात जुन्या सागाचा तो कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा, तोडला आणि उरलेला काडीकचरा जागेवरच पेटवला. विकरं सर्वांत जास्त असतात ती वरच्या काही सेंटिमीटरांत, आणि नेमका तोच थर भाजला. आजही ते आठवलं की संताप होतो.

प्रत्येक जुनं रोपवन राखा, असं माझं म्हणणं नाही. दरवर्षी वणवा लागणाऱ्या सागाखाली पाचोळाच उरत नाही, तिथे नुसतं वय काय करणार? पण तोडून पुन्हा लावणं हा जमिनीवरचा उपाय नव्हे. दक्षिण चीनमध्ये चिनी फर या सूचिपर्णी झाडाची एकाच जागी पुन्हा पुन्हा लागवड झाली, तेव्हा उत्पादनाबरोबर जमिनीचा कसही उतरला.

आणि शेतकऱ्यांचं तरी काय वेगळं? २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका मिळते. त्यात १२ घटक, विकराचा एकही नाही. माती जिवंत आहे की नाही हे न तपासता तिचं आरोग्य कसं ठरतं, हे आपल्या कृषी पुरवणीने एकदा विचारावं.

तोडीच्या यादीतल्या रोपवनांची माती आधी तपासून घ्या आणि ते आकडे छापा. नळ्या कशा लावायच्या ते शिकवायला मी स्वखर्चाने येईन.

— एक निवृत्त प्राध्यापक, चंद्रपूर