किल्ला बांधणाऱ्या हातांना रूळ द्यावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत बेळगावच्या गल्लोगल्ली मुलांनी उभारलेल्या किल्ल्यांची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात आणि ती मी आवर्जून पाहतो. बुरुज कुठे असावा, पाण्याचे टाके कुठे, चढाची वाट कुठून, याचा विचार करत चिखलात कोपरापर्यंत हात घालणारी ही मुले तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडतात आणि पुढचे अकरा महिने ते हात रिकामे राहतात. ही गोष्ट मला फार वर्षे खटकत आली आहे. उद्यमबागेतील फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, बनवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर माझी नात आणि शेजारची तीन मुले यांना हाताशी घेऊन मी गेली दोन वर्षे नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या, रेल्वेची एक प्रतिकृती बांधत आहे. त्या अनुभवावरून शहरातील आणि तालुक्यांतील वाचनालयांना एक विनंती करावी, म्हणून हे पत्र.

आमची रेल्वे पीटच्या कामावरची आहे. पीट म्हणजे थंड, दलदलीच्या प्रदेशात शेवाळ आणि गवत पाण्याखाली अर्धवट कुजून तयार झालेली काळपट माती. तिचा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर जाडीला हजारएक वर्षे लागतात. खोदताना तिच्यात वजनाने सुमारे ९० टक्के पाणी असते, पण वाळली की ती चुलीत आणि बॉयलरमध्ये जळते. आयर्लंडमध्ये तिच्यावर वीजकेंद्रे चालली. आपल्या रोपवाटिकांत नारळाच्या काथ्याचा जो भुसा ‘कोकोपीट’ नावाने मिळतो, त्याच्या नावातले पीट हेच.

मुलांनी मला पहिल्याच दिवशी विचारले, की आजोबा, आपल्याकडे पीट नाही, मग आपली गाडी का नको? प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर त्या जमिनीत आहे. पीटची दलदल इतकी मऊ असते की तिच्यावर जड रूळ, खडी, मोठे इंजिन यांतले काहीच टिकत नाही. म्हणून तिथे हलके रूळ सरळ जमिनीवर टाकतात, एका पट्ट्यातले काम संपले की तेच रूळ उचलून पुढच्या पट्ट्यात नेतात, वळणे तीव्र असतात आणि गाडी माणसाच्या चालीने जाते. रूळ थोडे वाकडे बसले तर खऱ्या कामावरही ते तसेच असत. नवशिक्याला याहून मायाळू विषय मिळणार नाही. टिळकवाडीच्या गेटमधून धडधडत जाणारी एक्सप्रेस हुबेहूब करायची तर निदान खोलीभर जागा हवी. आमची पीटची गाडी चार फूट बाय दोन फूट फळीवर पूर्ण फेरा मारते.

ती जमीन किती मऊ असते हे मुलांना समजावताना मी इंग्लंडच्या सॉमरसेट भागातील अ‍ॅशकॉटची हकिगत सांगतो. पीटची छोटी लाईन तिथे मोठ्या रेल्वेला फाटकावर आडवी ओलांडत असे. १९ ऑगस्ट १९४९ रोजी धुक्यात पीटचे इंजिन नेमके रुळांवर बंद पडले आणि आलेल्या प्रवासी गाडीची त्याला धडक बसली. मोठे इंजिन बाजूच्या पाटात उलटले. ते उचलायला जड क्रेन आणावी, तर तिचा भार त्या जमिनीला पेलणारा नव्हता, म्हणून इंजिनाचे जागेवरच तुकडे करावे लागले. नातीने त्यानंतर आमच्या फळीवरचे फाटक अतिशय काळजीने बांधले आणि तिथे हिरवे बावटे घेतलेला गेटमन उभा केला.

मापाबद्दल मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझा धंदा मापाचा. बीड थंड होताना आकसते, म्हणून आम्ही पॅटर्न मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा करतो. वस्तू तिच्या मूळ मापापेक्षा वेगळ्या मापात डोळ्यांसमोर धरण्याची सवय त्यातूनच लागली. आम्ही १:७६ हे प्रमाण घेतले, म्हणजे खऱ्या एका फुटाला प्रतिकृतीत चार मिलिमीटर. दोन फुटी लाईनचे रूळ या हिशेबाने आठ मिलिमीटर अंतरावर हवेत, पण बाजारात सहज मिळतात ते नऊ मिलिमीटरचे. तो एक मिलिमीटर मला कित्येक आठवडे बोचत राहिला. शेवटी जगभरचे हौशी लोक तो चालवून घेतात हे पाहून मीही घेतला. रूळ आणि मोटर बसवलेले चाकांचे सांगाडे तेवढे विकत आणले, बाकी सगळे घरचे. वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, फळ्या जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या आहेत आणि वाघीण हलकी होऊन रुळांवरून उतरू नये म्हणून तिच्या पोटात एक नट चिकटवला आहे. इंजिन सागवानाचे आहे आणि त्याचा नमुना लिस्टरचा. शेतातल्या पंपांना आणि पिठाच्या गिरण्यांना लिस्टर पद्धतीची इंजिने पाहिलेल्या माझ्या पिढीला हे नाव नवीन नाही. त्याच कंपनीने पीटच्या कामासाठी टपाशिवायची, उघड्यावर बसून चालवायची लहान इंजिने केली होती.

सर्वांत मोठी चूक मातीत झाली. दिवाळीच्या किल्ल्याची तांबडी माती उरली होती. तीच चाळून, फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून आम्ही फळीवर बसवली. दोन दिवस गाडी सुरेख चालली, तिसऱ्या दिवशी घुरघुरून थांबली. इंजिन उघडले तेव्हा मोटरच्या चुंबकाला आणि दातेरी चाकांना काळ्या बारीक कणांची मिशी फुटलेली दिसली. आपल्या मातीतले लोहाचे कण मोटरने रुळांवरून वर ओढून घेतले होते. फाउंड्रीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. मग मुलांनी कागदाखाली चुंबक फिरवून माती तपासली आणि कागदावर कण उभे राहताना पाहून त्यांना जे कळले, ते मी फळ्यावर लिहून कधी शिकवू शकलो नसतो. त्यानंतर वाळवलेला चहाचा चोथा वापरला. तो हुबेहूब पीटसारखा दिसला, पण बेळगावच्या जुलैतल्या पावसाने त्यावर पांढरी बुरशी चढली. शेवटी कोकोपीट उन्हात खडखडीत वाळवून चहाच्या गाळणीतून गाळले आणि ते टिकले. नाव सार्थ झाले, असे नात म्हणाली.

आता फळीवर एका टोकाला पीटचा पट्टा आहे, चर खणलेले आहेत, वाळत घातलेल्या विटांच्या उतरंडी आहेत आणि दुसऱ्या टोकाला शेड आहे. रिकाम्या वाघिणी पट्ट्यात जातात, भरून येतात, सांध्यापाशी इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागते. खानापूरच्या कौलांच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर मजूर ओल्या विटांची मांडणी कशी करतात हे मुलांनी जाऊन पाहिले, कारण पीटच्या विटाही वारा खेळता राहील अशाच रचतात. काम कसे चालते ते कळल्याशिवाय त्याची प्रतिकृती बनत नाही आणि किल्ला बांधणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळच्या पीटरेल्वे आता संपत आहेत. आयर्लंडच्या ‘बॉर्ड ना मोना’ या सरकारी कंपनीकडे तीन फुटी रुळांचे मोठे जाळे होते. दलदलीत साठून राहिलेला कार्बन हवेत जाऊ नये म्हणून तिने २०२१च्या आरंभी पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. हा निर्णय मला योग्य वाटतो. पण रूळ उचलले की तिथे काम कसे चालत होते हे सांगणारी वस्तू उरत नाही, आणि हे आपल्याही दाराशी घडून गेले आहे. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाईट ही नॅरो गेज रेल्वे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. निपाणी-चिकोडीकडच्या किती कुटुंबांनी मिरजेला उतरून त्या अडीच फुटी गाडीने पंढरपूर गाठले असेल! आज तिथे ब्रॉडगेज आहे. आमची पुढची फळी बार्शी लाईटची असणार आहे. १:८७ या प्रमाणात ७६२ मिलिमीटरचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरला येतात, म्हणजे हेच नऊ मिलिमीटरचे रूळ तिथे जवळजवळ बिनचूक बसतात. मला बोचणारा तो मिलिमीटर तिथे उरत नाही, याचा आनंद मी कुणाला कसा सांगावा!

विनंती अशी, की बेळगाव, खानापूर, निपाणी येथील ज्या वाचनालयांना किंवा किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या ज्या मंडळांना एका टेबलाएवढी कोरडी, बंद जागा वर्षभर देता येईल, त्यांनी ती द्यावी. खर्च रूळ, मोटर आणि बारा व्होल्टचा पुरवठा एवढाच आहे आणि पहिल्या फळीचा तो मी करीन. तसेच मिरज स्थानकातील नॅरो गेजच्या जुन्या यार्डाची छायाचित्रे कुणा वाचकाच्या घरी असतील, तर त्यांची प्रत मिळावी. बाजूने काढलेले आणि माणूस शेजारी उभा असलेले छायाचित्र सर्वांत उपयोगी, कारण माणसाच्या उंचीवरून डब्याचे माप काढता येते. पत्रव्यवहार आपल्या कार्यालयामार्फत व्हावा, ही आपणांस विनंती. जागा मिळाली तर येत्या तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी फळी, गाळणी आणि चुंबक घेऊन हजर राहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
शहापूर, बेळगाव