गहुंजेचे नाव विकू नका
महोदय, पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानाला 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम' हे नाव दिले गेले आणि सहारा समूहाकडून कराराचे पैसे थकल्यावर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने ते झाकलेही. प्रेक्षक मात्र आधीही 'गहुंजे' म्हणत होते, आजही तेच म्हणतात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल फुटबॉल क्लबच्या मालकाने २०११ साली क्लबच्या 'सेंट जेम्स पार्क' मैदानाला स्वतःच्या दुकानांचे नाव दिले, तेव्हा चाहते खवळले. पुढच्याच वर्षी वोंगा या नव्या प्रायोजकाने नावाचे हक्क विकत घेऊन जुने नाव परत दिले! मैदान चालवायला पैसा लागतो, हे मान्य. मग कंपनीचे नाव एखाद्या स्टँडला द्या, सीमारेषेवरच्या फलकांवर झळकवा. पण मैदानाच्या नावाचा सौदा करण्याआधी तिकीट काढून भर उन्हात बसणाऱ्यांना एकदा तरी विचारा.
– एक क्रिकेटप्रेमी, पुणे