थेट विमान हंगामी असू द्या, पण विकताना तसे सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात नुकतेच सांगलीच्या एका वाचकाचे पत्र आले होते. पुण्याहून काही शहरांना थेट विमान फक्त उन्हाळ्यात किंवा फक्त थंडीत असते, एरवी दिल्ली नाहीतर हैदराबादला उतरून दुसरे धरावे लागते, ही कंपन्यांची लूट आहे आणि सरकारने बारमाही सेवेची सक्ती करावी, असा त्यांचा सूर होता. मी विट्यात एसटी स्टँडजवळ तिकीट बुकिंगचे दुकान चालवतो. मला त्यातले निम्मे पटले नाही, आणि खरोखर चिडावे असे जे आहे ते त्या पत्रात आलेच नाही. म्हणून हे लिहितो आहे.

विट्यासारख्या ठिकाणी विमानाचे तिकीट कोण काढतो, असे बाहेरच्या वाचकाला वाटेल. खानापूर, आटपाडी, तासगाव हा पट्टा दुष्काळी. इथली माणसे पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. जुने सोने-चांदी घ्यायचे, आटवायचे, शुद्ध करून द्यायचे. काश्मीर असो की केरळ, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात आमच्याकडचा कुणीतरी मूस तापवत बसलेला सापडतोच. पूर्वी ही मंडळी दोन-दोन, तीन-तीन दिवस रेल्वेने येत. आता इतके दिवस दुकान बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून विमान. पण येतात कधी? गावची यात्रा, वैशाखातली लग्ने, पोरांच्या शाळेची सुट्टी, आणि दसरा, कारण त्या दिवशी विट्यात पालख्यांची शर्यत असते. धनत्रयोदशीला बाजार तेजीत असतो, तेव्हा दुकान सोडून सहसा कुणी हलत नाही. आणि पावसाळ्यात तर माझ्याकडे विमानाची चौकशी करायला चिटपाखरू फिरकत नाही. मग त्या दिवसांत कंपनीने विमान कुणासाठी उडवायचे?

आषाढीला एसटी महामंडळ पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडते. त्या काही नव्या विकत आणलेल्या नसतात. निरनिराळ्या आगारांतून काढतात, वारी झाली की परत धाडतात. पंढरपूरची जादा गाडी बारमाही करा, अशी मागणी अजून कुणी केलेली माझ्या ऐकण्यात नाही. विमानाचे असेच आहे, फरक एवढाच की इथे गाडी भयंकर महाग. आपल्याकडची बहुतेक विमाने भाड्याने घेतलेली असतात आणि ते भाडे विमान उडो वा न उडो, भरावेच लागते. म्हणून दिवसाचे बारा-तेरा तास ते हवेत राहिले पाहिजे, हा कंपनीचा सगळा आटापिटा. पुण्याहून अडीच तासांच्या गावाला जाऊन परत यायचे म्हणजे दोन्हीकडची उतर-चढ धरून सहा तास गेले. विमानाचा अर्धा दिवस त्या एका मार्गावर खर्ची पडला. तेवढ्या वेळात तेच विमान पुणे-हैदराबादच्या जवळजवळ दोन फेऱ्या मारते.

आता त्या दूरच्या शहराला पुण्याहून रोज पन्नास माणसे जाणारी आहेत असे धरा. एअरबसमध्ये खुर्च्या १८० ते १८६. पन्नास माणसांत डिझेल काय, म्हणजे विमानाचे इंधन काय, सुटायचे? त्यावर पुन्हा राज्याचा कर, कारण विमानाचे इंधन अजून जीएसटीत आलेले नाही. आपल्या सरकारने २०२३ मध्ये मुंबई-पुण्यातला हा कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला, तरी तो कमी म्हणवत नाही. मग कंपनी काय करते, तर ही पन्नास माणसे हैदराबादच्या विमानात बसवते. तिथे बंगळूरची, कोचीची, चेन्नईची माणसे येऊन मिळतात आणि पुढचे विमान भरते. एप्रिल-मे आला की पन्नासाची दीडशे होतात, तेव्हा थेट विमान सुरू. छोटे विमान लावा म्हणावे, तर पंख्याचे एटीआर सत्तरेक माणसे नेते खरे, पण ते जवळच्या पल्ल्याचे. पुण्याहून थेट पूर्वेच्या टोकाला ते कुणी नेत नाही.

आणखी एक गोष्ट बुकिंगवाल्याला रोज दिसते, प्रवाशाला दिसत नाही. विमान जाताना भरून चालत नाही, येतानाही भरावे लागते. छठपूजेच्या आधी पाटण्याकडे जाणारे विमान खचाखच भरते आणि परतीचे निम्मे रिकामे येते. आमच्या गलाईवाल्यांचे तेच, फक्त उलट दिशेने. यात्रेआधी इकडे गर्दी, शाळा सुरू व्हायच्या आत तिकडे. एका बाजूचे तिकीट अव्वाच्या सव्वा दिसते, त्यात दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे असतात. (सगळेच त्याचे असतात असे मी म्हणत नाही. गर्दी पाहून हात धुऊन घेणेही चालतेच.)

वेळापत्रकाचे म्हणाल तर हवाई वाहतूक महासंचालनालय वर्षातून दोनदा ते मंजूर करते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. आपल्याला उन्हाळा मेमध्ये संपला असे वाटते, विमानवाल्यांचा उन्हाळा दिवाळीच्या तोंडापर्यंत चालतो. या दोन तारखांना सगळी फेरमांडणी होते. जैसलमेरला पर्यटक थंडीत जातात, म्हणून तिथली बहुतेक विमाने ऑक्टोबर ते मार्च. लेहला गर्दी उन्हाळ्यात. तो विमानतळ साडेदहा हजार फुटांवर, तिथे हवा विरळ, दुपारी ऊन आणि वारे वाढले की विमानाला वजन उचलता येत नाही, म्हणून सगळी लगबग सकाळच्या थोड्या तासांत. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुके पडले की सकाळचे विमान दुपारी येते आणि त्याच विमानाच्या पुढच्या साऱ्या फेऱ्या कोलमडतात. जुलै ते सप्टेंबर हा तर मंदीचाच काळ. मोठ्या दुरुस्तीसाठी विमाने तेव्हा हँगरमध्ये घालतात.

पुण्याची अडचण वेगळी. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. २०२४ मध्ये नवे टर्मिनल झाले, चकचकीत आहे, पण धावपट्टी तीच एक. विमान उतरायची-उडायची नेमून दिलेली वेळ, जिला स्लॉट म्हणतात, ती तिथे मिळणे मुश्कील. एकदा मिळालेली वेळ हंगामात ८० टक्के वापरली नाही, तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात त्यावरचा हक्क जातो. त्यामुळे कंपनी तो स्लॉट सोडत नाही. थंडीत गोव्याला वापरते, उन्हाळ्यात श्रीनगरला.

सक्तीचा प्रयोग देशात झालेला नाही असे नाही. १९९४ पासून नियम आहे की, मुंबई-दिल्लीसारख्या मलईच्या मार्गांवर उडायचे तर ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान अशा भागांतही ठरावीक प्रमाणात उडावे लागेल. ते योग्यच आहे, कारण तिथे दुसरी सोय नाही. पुण्याच्या माणसाला हैदराबादला दोन तास बसावे लागते म्हणून तोच नियम लावा, हे मागणे जरा जास्त होते. छोटी शहरे विमानाने जोडण्याच्या ‘उडान’ योजनेचे काय झाले तेही पाहावे. सरकार तोटा भरून देत होते, तीन वर्षे मार्गावर मक्तेदारी देत होते. ‘कॅग’च्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, २०२३ च्या अहवालात आकडे आहेत: ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४. आपल्या सांगलीजवळच्या कवलापूरच्या नियोजित विमानतळाबद्दल दर निवडणुकीत भाषणे होतात, तेव्हा हे आकडे कुणीतरी व्यासपीठावर वाचून दाखवावेत. धावपट्टी बांधता येते. पावसाळ्यातले प्रवासी कुठून आणणार, ते कुणी सांगत नाही.

इथवर वाचून मी विमान कंपन्यांचा वकील आहे असे वाटले असेल, तर आता माझी तक्रार ऐका.

आमच्याकडचे एक कुटुंब पूर्वेकडच्या एका शहरात गलाई करते. शहराचे नाव लिहीत नाही, नाहीतर विट्यात सगळ्यांना कळेल कोण ते. दसऱ्याला गावी यायचे आणि दिवाळीनंतर लेकीचे लग्न उरकून परत जायचे, असा त्यांचा बेत होता. आजी सोबत, गुडघ्यांनी अधू, म्हणून थेट विमानच पाहिजे हा हट्ट. मी जून महिन्यात जातायेताची तिकिटे काढून दिली. दोन्ही थेट, दर सारखा, संगणकावर दोन्ही विमाने हिरवीगार. सप्टेंबरच्या अखेरीस निरोप आला की परतीचे विमान रद्द. कारण उघड होते: येणे उन्हाळी वेळापत्रकात बसत होते, जाणे हिवाळी वेळापत्रकात, आणि हिवाळ्यात तो मार्गच नव्हता. बदली म्हणून दिले काय, तर पहाटे दिल्ली, तिथे नऊ तास बसायचे, दुसऱ्या टर्मिनलला जायचे, मग पुढचे विमान. लोहगावला पहाटे पोचायचे तर विट्याहून खंबाटकी घाट पार करत रात्रीच निघायला हवे. ते गृहस्थ दुकानात येऊन मला म्हणाले, “भाऊ, आजीला काय पार्सल करून पाठवू का?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

नियम पाहिला तर कंपनी कुठेच अडकत नाही. उड्डाणाच्या किमान दोन आठवडे आधी रद्द झाल्याचे कळवले की प्रवाशाला दुसरे विमान किंवा पैसे परत, यांतले एक द्यायचे, विषय संपला. पाच हजार ते दहा हजारांपर्यंतची भरपाई आहे ती वेळेत न कळवल्यास. इथे महिनाभर आधी कळवले होते. पैसेही परत आले, पैसा न् पैसा. पण जूनच्या दराचे पैसे नोव्हेंबरच्या तिकिटाला पुरत नाहीत. आत्ता दुसरीकडे तिकीट काढायला गेले तर जवळपास दुप्पट. तो फरक कुणी भरायचा? नियमात त्याला जागाच नाही.

हिवाळी वेळापत्रक जूनमध्ये मंजूर झालेले नसते, हे कंपनीला ठाऊक असते. तरी पुढच्या हंगामाची तिकिटे विकायला काढतात, मिळेल तेवढे पैसे आधी गोळा करतात, आणि ‘मंजुरीच्या अधीन’ हे दोन शब्द अटींच्या जंगलात कुठेतरी असतात. आषाढीच्या जादा गाडीवर निदान ‘जादा’ अशी पाटी असते. विमानाच्या तिकिटावर ती पाटी का नको?

माझी मागणी एवढीच की, हवाई वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. मार्ग हंगामी असेल तर तिकीट विकतानाच, दराच्या शेजारी, त्याच अक्षरात, तो कोणत्या तारखेपर्यंत आहे ते दिसले पाहिजे. आणि मंजुरीआधी विकलेले थेट विमान पुढे रद्द झाले, तर त्याच दिवसाच्या सोयीच्या दुसऱ्या विमानाच्या तिकिटातला फरक कंपनीने सोसावा, मग ते दुसऱ्या कंपनीचे का असेना. एवढे केले की हंगामी सेवेबद्दल माझी काही हरकत नाही.

तोवर मी माझ्या दुकानात एक पद्धत सुरू केली आहे. मार्चच्या किंवा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापलीकडचे थेट विमान कुणी मागितले, की तिकिटाच्या प्रतीवर लाल पेनाने ‘बदलू शकते’ असे लिहून सही घेतो, आणि मोबाइल नंबर माझा न घालता प्रवाशाचाच घालतो. दोन गिऱ्हाइके त्यामुळे शेजारच्या दुकानात गेली. जाऊ देत.

आपला,
एक तिकीट बुकिंगवाला
विटा, जि. सांगली